गोष्ट कोणाच्या तोंडची?

वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या भंडारा गांवाचें नांव मराठी गद्याच्या अगदीं आरंभींच्या पानांत येतें, ही गोष्ट खुद्द नागपूर-भंडाऱ्याकडील सुशिक्षित कुटुंबांतही फारशी कोणाला ठाऊक नसते. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामी एकटेच भटकत असतां या गांवीं आले, येथें नीळभट्ट नांवाचा एक गृहस्थ त्यांना भेटला, आणि तो त्यांच्या मागोमाग चालूं लागला. महानुभाव पंथांत त्याला पुढें भांडारेकार या गांवाच्या नांवानेंच ओळखूं लागले. 'लीळाचरित्र' या ग्रंथाच्या 'एकांक' नामक पहिल्या भागांत ही हकीकत आहे. भंडाऱ्याची कीर्ति पितळी भांड्यांसाठीं आहे, धानासाठीं आहे, कोहळी लोकांनीं बांधलेल्या तळ्यांसाठीं आहे. मराठी कथेच्या इतिहासांत त्याला एक कोपरा आहे, हें मात्र आपण विसरून गेलों आहों.

श्रोतेहो, लघुकथेंत नाना प्रकारच्या माणसांचा आवाज उमटावा कीं नाहीं, आणि उमटला तर त्यानें वाङ्मयाचा काय लाभ होतो, हा प्रश्न अमेरिकेंत पुष्कळ चर्चिला गेला आहे. तेथील टीकाकार त्याचीं उदाहरणें आपल्या देशांतील नीग्रो, ज्यू, मेक्सिकन, चिनी इत्यादि लेखकांच्या कथांतून देतात, आणि तें योग्यच आहे. परंतु हा प्रश्न आपल्याकडे बाहेरून आलेला नाहीं. सातशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एका मराठी माणसानें तो हातांत घेतला, आणि त्याचें उत्तर प्रत्यक्ष लिहून ठेवलें. त्या उत्तरांत मोठेपणा आहे तशी उणीवही आहे. दोन्हींचा विचार आज करूं.

तो माणूस म्हणजे म्हाइंभट. अहमदनगरकडील सराळें गांवचा हा पंडित. शास्त्रार्थ करणारा, घरचा संपन्न. चक्रधरांची गांठ पडल्यावर त्याचें सारें पांडित्य वेगळ्याच कामाला लागलें. चक्रधरस्वामी इ. स. 1274 च्या सुमारास महाराष्ट्र सोडून निघून गेल्यावर त्यांचे शिष्य वऱ्हाडांत रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमले. तेथें म्हाइंभटानें स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचें मनांत घेतलें, आणि पंथाचे आचार्य नागदेव, ज्यांना भटोबास म्हणत, त्यांच्या देखरेखीखालीं तें काम सिद्धीस नेलें. ज्यानें जें पाहिलें, ज्याच्याशीं स्वामी जें बोलले, तें त्याच्याकडूनच ऐकावयाचें, अशी ही रीत. अशा रीतीनें शेंकडों लहान लहान प्रसंग एकत्र झाले. त्यांतील प्रत्येकाला लीळा म्हणतात. एखादी लीळा चारपांच ओळींची असते, एखादी दोन पानांची. तिला आरंभ आहे, घटना आहे, संवाद आहे, आणि बहुधा एखाद्या वाक्याशीं ती अशी अचानक थांबते कीं आजच्या कथालेखकानेंही तिचा हेवा करावा.

आतां येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. म्हाइंभट हा संस्कृतज्ञ होता. त्याच्या काळीं विद्वान् माणसानें आपल्या गुरूचें चरित्र लिहावयाचें म्हणजे तें संस्कृत श्लोकांत, अलंकारांनीं नटवून, हीच शिष्टसंमत वाट होती. त्यानें ती सोडली. तो मराठींत लिहूं लागला, आणि तेंही गद्यांत. आणि गद्यही असें कीं त्यांत बोलणाऱ्याची बोली जशीच्या तशी यावी. या निवडीमागें कोणाची इच्छा होती, तें महानुभावांच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथावरून कळतें. केशवदेव म्हणजे केसोबास यांनीं संस्कृतांत रचना करण्याचें मनांत आणलें, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांना आवरलें. कारण तसें केल्यानें आपल्याभोंवतालच्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. एखाद्या धर्माचार्यानें ग्रंथाची भाषा ठरवितांना राजाचा नव्हे, पंडितांचा नव्हे, तर म्हाताऱ्या बायकांचा विचार करावा, याला दुसरें उदाहरण मला तरी जगाच्या वाङ्मयांत चटकन् आठवत नाहीं.

या म्हाताऱ्या नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या, हें त्याहून महत्त्वाचें. बाइसा, महदाइसा, उमाइसा या स्त्रिया लीळाचरित्रांत पानोपानीं बोलतात. महदाइसा, जिला आपण महदंबा या नांवानें मराठींतील आद्य कवयित्री म्हणून ओळखतों, ती तर प्रश्न विचारल्यावांचून एक क्षण राहत नाहीं. तीर्थाला जावें कीं न जावें, अमक्या देवाची कथा काय, तमक्या आचाराचें कारण काय, असे तिचे प्रश्न. आणि तिची ही जिज्ञासा स्वामींना कौतुकाची वाटे. विधवा, वृद्ध, संसारांतून बाहेर पडलेली बाई त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या ग्रंथांत अशी वादाला उभी राहिलेली दिसते? इतर ग्रंथांत ती असते ती पतिव्रता म्हणून, नाहीं तर मायाविनी म्हणून. येथें ती रुसते, चिडते, स्वयंपाक करते, चुका करते, आणि मधूनच असा कांहीं प्रश्न टाकते कीं त्याच्या उत्तरांतून सगळें तत्त्वज्ञान बाहेर पडतें.

स्त्रियांप्रमाणेंच इतरही. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनीं पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखालीं येऊन लपतो, ती लीळा पुष्कळांना ठाऊक असेल. तींत शिकारीही आहेत, आणि त्यांचें बोलणें आहे. एका चर्मकाराला आध्यात्मिक स्थिति प्राप्त झाल्याची लीळा आहे. गोविंदप्रभूंच्या आठवणींचा वेगळा ग्रंथही म्हाइंभटानेंच जमविला. त्यांत ज्यांना त्या काळीं अस्पृश्य मानीत त्यांना पाणी मिळत नव्हतें, त्यांच्यासाठीं प्रभूंनीं विहिरीची जागा दाखवून दिल्याची हकीकत आहे. गुरव, तेली, गवळी, चोर, सावकार, वाटसरू असे लोक या ग्रंथांतून येतात आणि जातात. यादवांच्या काळचा महाराष्ट्र काय जेवत होता, काय नेसत होता, कशावरून भांडत होता, हें आपल्याला ताम्रपटांवरून कळत नाहीं. ताम्रपट दान देणाऱ्याचें कुळ सांगतो, आणि गांवाच्या चतुःसीमा सांगतो. बाकीचें या गोष्टी सांगतात.

परंतु लीळाचरित्राची जी खरी थोरवी मला वाटते, ती याहूनही निराळी आहे. एकच प्रसंग दोघां-तिघांनीं पाहिला, आणि प्रत्येकानें तो निरनिराळा सांगितला, तर संग्राहकानें काय करावें? साधा मार्ग असा कीं एक हकीकत खरी धरावी, आणि बाकीच्या टाकून द्याव्या. महानुभावांनीं तसें केलें नाहीं. अमक्याच्या आठवणीप्रमाणें असें, तमक्याच्या आठवणीप्रमाणें तसें, अशा नोंदी लीळांच्या पोटांत राहिल्या. अशा भिन्न आठवणीला ते 'वासना' म्हणतात. हा शब्द आपल्याला आतां वेगळ्याच अर्थानें ठाऊक आहे. पण चित्तावर उमटून राहिलेला ठसा, हा त्याचा मूळ अर्थ धरला म्हणजे त्यांतील मर्म कळतें. रामेश्वरबासांची वासना एक, परशरामबासांची दुसरी. दोन्ही शेजारीं शेजारीं. कोणाच्याही ठशावर बोळा फिरविलेला नाहीं.

पुढें आणखी एक संकट आलें. परचक्राच्या धामधुमींत ग्रंथाची मूळ प्रत नाहींशी झाली. तेव्हां ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हां लिहून काढावा लागला. त्यांत हिराइसा नांवाच्या एका स्त्रीच्या आठवणीवरून सिद्ध झालेला पाठ प्रसिद्ध आहे. मराठींतील पहिला गद्यग्रंथ एका बाईच्या स्मरणशक्तीनें वांचला, असें म्हणावयास हरकत नाहीं. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत म्हाइंभटाचें नांव येतें. हिराइसेचें कितीजणांनीं ऐकलें असेल, तें ज्याचें त्यानें सांगावें.

केसोबासांनीं पुढें संस्कृताचा नाद सोडून जें मराठी काम केलें, तेंही या विषयाशीं जुळणारें आहे. स्वामींनीं प्रसंगानुसार सांगितलेले 114 दृष्टांत त्यांनीं निवडून 'दृष्टांतपाठ' सिद्ध केला. आधीं सूत्र, मग गोष्ट, मग तिचा अन्वय, अशी त्याची मांडणी. यांतच तो प्रसिद्ध हत्तीचा दृष्टांत आहे: गांवांत हत्ती आला, जन्मांध माणसें तो पाहावयास गेलीं, ज्याच्या हाताला जो अवयव लागला तसा त्याला हत्ती वाटला. कोणीही खोटें बोलत नाहीं, आणि पुरा हत्ती कोणाच्याच हातीं नाहीं. ही गोष्ट बौद्धांच्या आणि जैनांच्या ग्रंथांतही आहे, तेव्हां तिच्यावर आपला एकट्याचा हक्क सांगूं नये. पण ज्या मंडळींनीं ही गोष्ट सांगितली, त्यांनीं आपल्या गुरूच्या चरित्रालाही तीच कसोटी लावली, हें मात्र विशेष आहे.

येथवर मी स्तुति केली. आतां दुसरी बाजू.

या सगळ्या कंठांतून येणारी गोष्ट अखेर लिहिली ती कोणी? म्हाइंभटानें, आणि ती मान्य केली नागदेवांनीं. चर्मकाराची लीळा आहे, पण ती चर्मकारानें सांगितलेली नाहीं. विहिरीची हकीकत आहे, पण त्या विहिरीचें पाणी ज्यांनीं प्यालें त्यांच्यापैकीं कोणी लेखणी हातीं घेतली नव्हती. दुसऱ्याचा शब्द प्रामाणिकपणें टिपणें आणि त्या दुसऱ्यानें स्वतः लिहिणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीनें दुसरीची जागा भरून निघत नाहीं.

हेंच अमेरिकेच्या उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. जोएल चॅंडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकारानें 1880 मध्यें 'अंकल रिमस'च्या गोष्टींचें पहिलें पुस्तक काढलें. नीग्रो गुलामांच्या तोंडच्या सशाकोल्ह्याच्या त्या गोष्टी; त्यानें त्या कान देऊन ऐकल्या होत्या, आणि बोलीही सांभाळण्याचा यत्न केला होता. तथापि त्याच्या पुस्तकांत सांगणारा म्हातारा जुन्या मळ्यावर सुखी आहे, आणि मालकाच्या मुलाला मांडीशीं घेऊन गोष्टी सांगतो. सात वर्षांनीं, 1887 मध्यें, चार्ल्स चेस्नट या नीग्रो वंशाच्या लेखकाची एक कथा 'अटलांटिक मंथली' मासिकांत आली. तींतही एक म्हातारा नीग्रो गोऱ्या मालकाला गोष्ट सांगतो, बोलीही तशीच. फरक एवढाच कीं या म्हाताऱ्याला आपण कोणाला सांगतों आणि कशासाठीं सांगतों याची पक्की जाण आहे; आणि जादूटोण्याच्या त्या गोष्टीखालीं गुलामगिरींत माणसाची खरेदीविक्री कशी चाले, तें हळूहळू उघडें पडत जातें. बाह्यतः दोन्ही गोष्टी सारख्या. आंतून एक मालकाच्या ओसरीवरची, दुसरी गुलामाच्या झोपडीवरची.

आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. 1936 ते 1938 या काळांत अमेरिकन सरकारच्या लेखक-योजनेखालीं कार्यकर्ते दक्षिणेंतील खेड्याखेड्यांतून हिंडले, आणि एके काळीं गुलाम असलेल्या दोन हजार तीनशेंहून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी त्यांनीं टिपून घेतल्या. म्हाइंभटाचेंच हें काम, निराळ्या खंडांत. आणि जवळजवळ त्याच वेळीं, 1936-37 च्या सुमारास, नागपुरास हरि नारायण नेने यांनीं लीळाचरित्र छापून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. टिपणाऱ्या कार्यकर्त्यांत गोरेच पुष्कळ असल्यामुळें म्हाताऱ्यांनीं त्यांच्यापुढें कितपत मन मोकळें केलें, अशी शंका तेथील इतिहासकारांनीं पुढें घेतली. आपल्याकडे ही शंका लीळाचरित्राबद्दल फारशी कोणी घेत नाहीं. ती घेतली पाहिजे, म्हणजे ग्रंथाचा मान कमी होत नाहीं, उलट तो जास्त बारकाईनें वाचला जातो.

मधल्या सहा शतकांत हा ग्रंथ होता कोठें? मठांत, पोथ्यांत, आणि सांकेतिक लिपींत. महानुभावांनीं सकळ, सुंदरी इत्यादि लिप्या योजिल्या, त्यामुळें पोथी हातीं लागली तरी परक्याला ती वाचतां येत नसे. ग्रंथ सुरक्षित राहिले, आणि त्याच वेळीं ते बंदिस्तही झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं लिपीची उकल केली, भाव्यांनीं महानुभाव कवींची व काव्यांची सूची काढली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनीं 1925 मध्यें या वाङ्मयाचा परिचय करून दिला, नेन्यांनीं छापलें, आणि वि. भि. कोलते यांनीं सिद्ध केलेली लीळाचरित्राची मोठी आवृत्ति 1978 मध्यें निघाली.

याचा एक परिणाम असा झाला कीं मराठी लघुकथेला आपलें आजोळच ठाऊक नव्हतें. हरिभाऊ आपट्यांनीं 1890 मध्यें 'करमणूक' पत्र सुरू केलें, आणि त्यांत स्फुट गोष्टी लिहिल्या. 1895 मध्यें 'मनोरंजन' आलें. पुढें फडके, खांडेकर आले. या सर्वांपुढें आदर्श होता तो इंग्रजी आणि फ्रेंच गोष्टींचा. तंत्राची चर्चा पुष्कळ झाली: आरंभ कसा असावा, कलाटणी कोठें द्यावी. गोष्ट कोणी सांगावी, ही चर्चा क्वचित्. पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांतला तरुण आणि तरुणी, एवढ्यांत पुष्कळ वर्षे निघून गेलीं. 1933 मध्यें विभावरी शिरूरकर या टोपण नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' निघालें, तेव्हां केवढी खळबळ उडाली! शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींचें दुःख त्यांच्याच तोंडून ऐकणें त्या समाजाला जड गेलें. लेखिका कोण याचाच तर्क लोक करीत बसले. सातशें वर्षांपूर्वीं महदाइसेला प्रश्न विचारतांना टोपण नांवाची गरज लागली नव्हती, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

पुढें मात्र दारें उघडत गेलीं. नरखेडचे वामनराव चोरघडे वैदर्भी खेड्यांतील साधीं माणसें घेऊन आले. 1949 मध्यें व्यंकटेश माडगूळकरांचीं 'माणदेशी माणसें' आलीं. अण्णा भाऊ साठे, शंकरराव खरात यांनीं गांवकुसाबाहेरचें जग दाखविलें. आणि 1963 मध्यें बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. बागुलांच्या कथेंत म्हाइंभट उरला नाहीं. ज्याची गोष्ट त्याच्याच हातांत लेखणी. त्या कथा वाचणाऱ्याला गोड लागाव्या अशी त्यांची इच्छाही नव्हती.

आतां पुन्हां भंडाऱ्याकडे वळूं. कारण येथें प्रश्न जातीचा किंवा स्त्रीपुरुषांचाच नाहीं, तर बोलीचाही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. (गोंदिया हा 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) झाडी हें नांव लीळाचरित्राइतकें जुनें आहे, तेथेंही तें येतें. या भागाची बोली ती झाडीबोली. तींत ण, ळ, श, ष आणि छ हे उच्चार नाहींत. 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो, 'श'चा 'स' होतो. शहरांतील माणूस हें ऐकून हंसतो, आणि शाळेंतला मास्तर मुलाच्या वहींत लाल शाई ओततो. वास्तविक ही उच्चारांची एक नियमबद्ध व्यवस्था आहे. ज्याला आपण अशुद्ध म्हणतों तें केवळ दुसऱ्या नियमानें शुद्ध आहे.

सरकारनें या बोलींची दखल पूर्वीं घेतली नव्हती असें नाहीं. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड 1905 मध्यें निघाला. त्यांत नागपुरी मराठीबरोबर गोवारी, कोष्टी अशा पूर्वेकडील लहान लहान बोलींचीही नोंद आहे. परंतु नमुना म्हणून प्रत्येक बोलींत गोष्ट कोणती घेतली? तर बायबलांतील उधळ्या पुत्राची. तुलनेसाठीं एकच मजकूर हवा, हें शास्त्रदृष्ट्या ठीकच आहे, आणि त्या प्रचंड कामाचे उपकार मी नाकारीत नाहीं. तरी त्या पानांकडे पाहून मनाला कसेंसेंच होतें. शेंकडों बोलींतील माणसें ओळीनें उभीं आहेत, आणि सारीं एकच गोष्ट सांगत आहेत, जी त्यांच्यापैकीं बहुतेकांची नव्हे. म्हाइंभटानें एका भाषेंत अनेकांच्या गोष्टी घेतल्या. पाहणीनें अनेक भाषांत एकाचीच गोष्ट घेतली.

झाडीच्या माणसाची स्वतःची गोष्ट त्या वेळीं होती ती दंडारींत, खडीगंमतींत, आणि धान कापून झाल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकांत. दिवाळीनंतर गांवोगांवीं शंकरपट भरावा, दिवसां बैलांच्या शर्यती, आणि रात्रीं हजारो माणसांपुढें नाटक, अशी ही रंगभूमि. छापील मासिकांत तिचें नांव अनेक वर्षे आलें नाहीं; तिला त्याची फिकीरही नव्हती. पुढें साकोलीकडील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा शास्त्रीय अभ्यास केला, झाडीबोलीच्या साहित्यसंमेलनांची परंपरा उभी राहिली, आणि त्या बोलींत लिहिणारे कवि व कथाकार छापील पानावर आले. आतां 'ळ'च्या जागीं 'र' लिहिलेला असतो तो चूक म्हणून नव्हे, तर लेखकाला तसेंच म्हणावयाचें असतें म्हणून. शहरांतील वाचकाला दोन ठिकाणीं अडखळावें लागतें, हें खरें. लीळाचरित्र वाचतांनाही अडखळावें लागतें; तेथें आपण टीपा पाहतों, आणि कौतुक करतों. इकडे अडखळलों तर पुस्तक मिटतों.

3 ऑक्टोबर 2024 रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनत्वाविषयीं बोलतांना ज्या ग्रंथांचीं नांवें घेतलीं जातात, त्यांत लीळाचरित्र असतेंच. आणि ज्या रिद्धपुरास तें लिहिलें गेलें, तेथें आतां मराठी भाषेचें विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठांत महानुभाव गद्याचा अभ्यास होईल, यांत शंका नाहीं. तेथून पूर्वेकडे, वैनगंगेच्या पलीकडल्या खेड्यांतून आज जी माणसें बोलत आहेत, त्यांच्या आठवणी कोणी टिपून घेणार आहे काय, आणि त्यांच्या मुलांना त्या आपल्या बोलींत लिहूं देणार आहे काय, हा प्रश्न मात्र अजून सुटावयाचा आहे.

जातां जातां भांडारेकाराविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. एकांकांतील लीळा स्वामींच्या एकट्यानें फिरण्याच्या काळांतल्या आहेत. त्या वेळीं पुढची मंडळी त्यांच्याजवळ नव्हती. म्हणून त्या लीळांचा आधार मुख्यतः स्वामींनीं स्वतः पुढें शिष्यांना जें सांगितलें तोच आहे. म्हाइंभट आठवणी विचारीत हिंडूं लागला, त्याच्या पुष्कळ आधीं नीळभट्ट भांडारेकार वारला होता. त्यामुळें भंडाऱ्याचा हा माणूस ग्रंथांत आहे, त्याचें नांव आहे, त्याच्या गांवाचें नांव आहे. त्याची वासना मात्र कोठेंही नाहीं.